विभाग ‘एफ’ : परवानगीवाचून उघडलेले दालन

डॉक्टरांची संघटना असो, अभियंत्यांची असो वा ग्रंथपालांची, सभासदत्वाच्या अर्जात बहुधा शेवटी एक रकाना असतो : आपणांस कोणत्या विभागात रस आहे? आपण त्यात खूण करतो आणि पुढे जातो. मोठ्या संस्थेच्या पोटात असे लहान अभ्यासगट असणे आज इतके स्वाभाविक वाटते की, त्यांच्यासाठी कधी भांडणे झाली असतील हे मनातही येत नाही. प्रत्यक्षात या रकान्यामागे दोनशे वर्षांची ओढाताण आहे. आजच्या धाग्यात त्यातील एकाच गटाची कथा सांगायची आहे. हा गट केंब्रिजमध्ये नियम मोडून जन्माला आला, दोनदा हद्दपार होता होता वाचला, आणि अखेर साताऱ्याच्या एका तरुणाच्या हातून भारतातील शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचला. त्या गटाचा विषय होता संख्याशास्त्र.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये विज्ञान म्हणजे लंडनची रॉयल सोसायटी, आणि रॉयल सोसायटी म्हणजे सर जोसेफ बँक्स. हा वनस्पतिशास्त्रज्ञ कॅप्टन कुकबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला होता, आणि १७७८ पासून १८२० पर्यंत, म्हणजे तब्बल ४२ वर्षे, तो त्या संस्थेचा अध्यक्ष राहिला. १७८८ मध्ये वनस्पती व प्राणिशास्त्राची लिनियन सोसायटी निघाली, तिला त्याने आशीर्वाद दिला. मात्र १८०७ मध्ये लंडनच्या एका खानावळीत जमलेल्या १३ मंडळींनी भूशास्त्राची स्वतंत्र संस्था काढली, आणि ती पाहता पाहता वाढू लागली, तेव्हा त्याचे मन साशंक झाले. तुम्ही आमच्या अधीन, आमची उपसंस्था म्हणून राहा, असा प्रस्ताव पुढे आला. भूशास्त्रज्ञांनी तो १८०९ मध्ये नाकारला. बँक्सने राजीनामा दिला आणि संस्थापकांपैकी असलेला हम्फ्री डेव्हीही बाहेर पडला. पुढे १८२० मध्ये खगोलशास्त्राची संस्था निघाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद स्वीकारू पाहणाऱ्या ड्यूक ऑफ सॉमरसेटचे मन बँक्सने वळवले आणि त्याला मागे घ्यायला लावले. त्याच वर्षी बँक्स वारला. खगोल संस्था मात्र टिकली.

या सगळ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. मोठ्या संस्थेला आपल्या पोटातील लहान गटाची भीती वाटते ती तो निकामी निघेल म्हणून नव्हे. तो फार चांगला चालेल म्हणून. वेगळे होण्याचा मार्ग असा कटुतेचा होता. मग आतल्या आत, एकाच छताखाली, निरनिराळ्या आवडीच्या लोकांना नांदवता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर १८३१ मध्ये यॉर्क शहरात सापडले. विल्यम व्हर्नन हारकोर्ट या पाद्र्याच्या पुढाकाराने तेथे ‘ब्रिटिश असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्स’ ही संस्था स्थापन झाली. ही परिषद दरवर्षी नव्या गावी भरे. तिच्यात विषयवार विभाग असत, प्रत्येक विभागाला अध्यक्ष, चिटणीस आणि समिती असे, आणि कोणता निबंध वाचला जावा हे ती समिती ठरवी. एकदा परिषदेचे सभासद झालात की सकाळी रसायनशास्त्राच्या दालनात आणि दुपारी भूशास्त्राच्या दालनात जाऊन बसायला तुम्ही मोकळे. उत्क्रांतीवरून हक्सले आणि बिशप विल्बरफोर्स यांची १८६० मध्ये ऑक्सफर्डला उडालेली ती प्रसिद्ध चकमक आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. तीही परिषदेच्या मुख्य सभेत झाली नव्हती. ‘विभाग डी’ म्हणजे प्राणी व वनस्पतिशास्त्राच्या विभागात झाली होती.

आता १८३३ च्या जून महिन्यात येऊ. परिषदेचे तिसरे अधिवेशन केंब्रिजला भरले होते. (याच अधिवेशनात कवी कोलरिजने विज्ञानाच्या अभ्यासकांना ‘फिलॉसॉफर’ म्हणायला हरकत घेतली आणि विल्यम ह्यूएल याने ‘सायंटिस्ट’ हा शब्द सुचवला. इतका रुळलेला शब्द, आणि त्याचे वय दोनशे वर्षेही नाही!) तोपर्यंत विभाग पाच होते : गणित व भौतिकी, रसायन, भूशास्त्र व भूगोल, निसर्गेतिहास, आणि शरीररचना व वैद्यक. बेल्जियमहून अडॉल्फ केतले हा पाहुणा आला होता. मूळचा खगोलशास्त्रज्ञ, पण ताऱ्यांच्या निरीक्षणातील चुकांना लागू पडणारे गणित माणसांच्या जन्ममृत्यूंना आणि गुन्ह्यांना लावून पाहण्याचा त्याला ध्यास. त्याने आपल्याबरोबर सांख्यिकीय मजकूर आणला होता, परंतु तो वाचायचा कोठे? पाचही दालनांत त्याला जागा नव्हती.

मग ट्रिनिटी कॉलेजमध्ये रिचर्ड जोन्स या अर्थशास्त्रज्ञाच्या खोलीत काही मंडळी जमली. त्यांत गणकयंत्राचा जनक चार्ल्स बॅबेज होता, आणि लोकसंख्येवरील ग्रंथामुळे अर्ध्या युरोपने शिव्या दिलेला, ६७ वर्षांचा थॉमस माल्थस होता. या खोलीतच सहावा विभाग स्थापन झाल्याचे त्यांनी ठरवून टाकले. वरिष्ठ समितीची मंजुरी घेतलीच नाही. बॅबेजने नंतर सर्वसाधारण सभेत उभे राहून, आम्ही नियमभंग केला आहे, असे कबूल केले आणि झालेल्या गोष्टीला मान्यता मागितली. बॅबेजचा स्वभाव पाहता त्या कबुलीत पश्चात्ताप फारसा असेल असे वाटत नाही.

अध्यक्षस्थानी होता भूशास्त्रज्ञ ॲडम सेजविक. त्याने मान्यता दिली, पण अटीवर आणि इशाऱ्यासह. संख्यांत मांडता येतील अशीच तथ्ये या विभागाने हाताळावीत. नीती, राजकारण, भावना यांत शिरू नये. तुम्ही त्या प्रांतात गेलात तर विज्ञानाच्या या शांत उपवनात कलहाचा राक्षस घुसेल, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. केंब्रिजच्या पाद्री-प्राध्यापकाला राक्षस आठवावा यात नवल नाही. पण त्याची भीती अगदीच अनाठायी नव्हती. आदल्याच वर्षी, १८३२ मध्ये, इंग्लंडमध्ये मतदानाच्या हक्काचा कायदा मोठ्या खळबळीनंतर मंजूर झाला होता. १८३३ मध्ये गिरण्यांतील मुलांच्या कामाचे तास ठरवणारा कायदा येत होता, १८३४ मध्ये गरिबांच्या मदतीचा कायदा बदलायचा होता. अशा वेळी मजुराची मजुरी, गिरणीतील मुलाचे वय आणि झोपडपट्टीतील मृत्यू मोजणे हे ‘निव्वळ’ मोजणे कसे राहणार?

येथे आपल्या भूमीशी जोडलेला एक धागा आहे, तो सोडवत नाही. माल्थस हा हेलीबरी येथील ईस्ट इंडिया कंपनीच्या महाविद्यालयात १८०५ पासून अर्थशास्त्र शिकवत होता आणि त्याच्या पश्चात ती जागा त्याच रिचर्ड जोन्सला मिळाली. म्हणजे ज्यांच्या समक्ष हा विभाग जन्मला त्यांतील दोघे हिंदुस्थानात येणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे गुरू होते. माल्थसच्या शिष्यांपैकी रॉबर्ट कीथ प्रिंगल हा पुणे भागात जमीनमोजणीवर आला. जमिनीचे प्रकार पाडायचे, उत्पन्नातून मशागतीचा खर्च वजा करायचा, आणि जे निव्वळ उत्पन्न उरेल त्याच्या ५५ टक्के सारा घ्यायचा, असे त्याचे शुद्ध, पुस्तकी गणित होते. १८३० च्या सुमारास ते लागू झाले. कागदावर ते निर्दोष होते. परंतु उत्पन्नाचे आकडेच ज्यांच्याकडून गोळा केले त्यांच्यावर विसंबण्याजोगे नव्हते, आणि सारा अवाजवी बसला. इंदापूरकडे जमिनी पडीक पडल्या, कुणबी गाव सोडून गेले. शेवटी १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांना तेथे नव्याने मोजणी करावी लागली. आकडा चुकला की त्याची किंमत कोण मोजतो, हे केंब्रिजच्या खोलीत बसून कळणे अवघड होते. इंदापुरात ते सर्वांना कळत होते.

नियमांच्या कुंपणात हा विभाग अवघडणार हे बॅबेजने ओळखले होते. वर्षातून एकदा, आठवडाभर भरणाऱ्या सभेत आकडे गोळा होत नसतात. म्हणून विभागातील मंडळींनी १५ मार्च १८३४ रोजी लंडनमध्ये कायमस्वरूपी ‘स्टॅटिस्टिकल सोसायटी’ स्थापली. विभाग आत राहिला आणि संस्था बाहेर उभी राहिली. दोन्हींत बरीचशी माणसे तीच. या संस्थेचे चिन्ह पाहण्यासारखे आहे. गव्हाची एक बांधलेली पेंढी आणि तिच्याभोवतीच्या फितीवर लॅटिन शब्द : ‘आलिइस एक्स्टेरेंडुम’. त्याचा अर्थ, मळणी इतरांनी करावी. आम्ही फक्त कापून, बांधून आणू. दाणे आणि भूस निराळे करणे, म्हणजे निष्कर्ष काढणे, हे आमचे काम नव्हे. मते काळजीपूर्वक वगळणे हे संस्थेने आपले पहिले कर्तव्य म्हणून जाहीरच केले होते.

ही नम्रता नव्हती, ती प्रवेशाची किंमत होती. सेजविकच्या अटीखाली आत शिरायचे तर असेच बोलणे भाग होते. पण शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या कोणालाही विचारा : कोणती पेंढी बांधायची आणि कोणती शेतात टाकायची, हे ठरवतानाच अर्धी मळणी झालेली असते. कोणता आकडा गोळा करावा हेही मतच आहे.

घडलेही तसेच. १८३५ पासून विभागांना अक्षरे मिळाली आणि संख्याशास्त्राच्या वाट्याला ‘एफ’ आले. १८४० मध्ये ग्लासगोच्या अधिवेशनात याच विभागात दारिद्र्य आणि रोगराई यांवर खडाजंगी झाली. एका बाजूला विल्यम ॲलिसन हा वैद्य. ताप गरिबीतून पसरतो, म्हणून गरिबांना कायद्याने मदत मिळाली पाहिजे, असे तो म्हणत होता. दुसऱ्या बाजूला धर्मोपदेशक टॉमस चामर्स. मदत ही स्वेच्छेच्या दानातून आणि चर्चमार्फतच व्हावी, असा त्याचा आग्रह. ऐकायला गर्दी लोटली. ह्यूएलसारखा, सुरुवातीला या उद्योगाला अनुकूल असलेला माणूसही आता कुरकुरू लागला की, लोकांना भडकवणारे विषय परिषदेत शिरले. माझ्या मते तो दिवस विभागाच्या बदनामीचा नसून त्याच्या वयात येण्याचा होता. १८५६ मध्ये त्याचे नावच ‘अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र’ असे झाले आणि १८५७ मध्ये लंडनच्या संस्थेने पेंढीवरचे ते लॅटिन शब्द काढून टाकले. पेंढी तेवढी राहिली. १८५८ मध्ये त्या संस्थेने पहिली महिला सभासद निवडली : फ्लॉरेन्स नाइटिंगेल. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी अधिक मेले, हे रंगीत आकृत्या काढून सरकारच्या डोळ्यांसमोर धरणारी ही बाई मते वगळायला थोडीच आली होती!

मोठा हल्ला झाला तो १८७७ मध्ये आणि तोही घरच्या माणसाकडून. फ्रान्सिस गॉल्टन, चार्ल्स डार्विनचा भाऊबंद, याने परिषदेच्या समितीपुढे लेखी प्रतिपादन केले की, विभाग ‘एफ’ मधील निबंध शास्त्रीय म्हणावेत असे नसतात, गणिती संख्याशास्त्राचा त्यांत मागमूस नसतो, तेव्हा हा विभाग बंद करावा. प्रतिवाद केला विल्यम फार याने. फार हा इंग्लंडच्या मृत्यूनोंदींचा सर्वांत मोठा जाणकार, नाइटिंगेलबाईंचा सहकारी. विभाग वाचला. इतिहासाचा खट्याळपणा पुढेच आहे. आठ वर्षांनी, १८८५ मध्ये ॲबर्डीनच्या अधिवेशनात गॉल्टनने आईबापांची उंची आणि मुलांची उंची यांच्या नात्याचा शोध मांडला. आज ज्याला आपण ‘रिग्रेशन’ म्हणतो, ज्यावाचून अर्थशास्त्रापासून वैद्यकापर्यंत एकही विद्याशाखा चालत नाही, ते साधन त्या दिवशी जगापुढे आले. आणि ते मांडले कोठे? विभाग ‘एफ’ मध्ये नव्हे. विभाग ‘एच’ मध्ये, मानववंशशास्त्राच्या दालनात. त्या विभागाचा त्या वर्षीचा अध्यक्ष खुद्द गॉल्टन होता. मानववंशशास्त्राला पूर्ण विभागाचा दर्जा मिळून तेव्हा वर्षच झाले होते. त्याआधी ते जीवशास्त्राच्या घरी पोटभाडेकरू म्हणून राहत होते.

गॉल्टनचा आक्षेप अर्धा खरा होता, हे मान्य करायला हवे. विभागात आकडे भरपूर, पण आकड्यांवर चालवायचे गणित तोकडे होते. हा दोष लंडनच्या संस्थेतही होता. तिला १८८७ मध्ये राजसनद मिळाली, ती ‘रॉयल’ झाली. परंतु विसाव्या शतकात शेतीचे प्रयोग आणि कारखान्यांतील मालाची तपासणी यांतून जे नवे गणिती संख्याशास्त्र उगवत होते, त्याला तेथे पुरेशी हवा नव्हती. मग १९३३ मध्ये, म्हणजे केंब्रिजच्या त्या खोलीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, या संस्थेच्याच पोटात नवा विभाग निघाला : ‘औद्योगिक व कृषी संशोधन विभाग’. एकेकाळी जो स्वतः दुसऱ्याच्या घरात कोपरा मागत होता, त्याच्या घरात आता कोपरा मागणारे आले. १९३४ पासून या विभागाच्या निबंधांसाठी मुख्य नियतकालिकाला जोडून पुरवणी निघू लागली. पुढे हीच पुरवणी ‘सिरीज बी’ या नावाने त्या विषयातील जगातल्या अग्रगण्य नियतकालिकांपैकी एक झाली.

त्या पुरवणीच्या १९३५ च्या अंकात एक निबंध आहे. गटागटांत विभागलेल्या मोठ्या समूहातून नमुना कसा आणि किती घ्यावा, याविषयीचा. लेखक : पी. व्ही. सुखात्मे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातील बुध गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन १९३३ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि येर्झी नेमन व ईगन पिअर्सन यांच्या हाताखाली शिकले. नमुना पाहणीचे शास्त्र नेमनने नुकतेच, १९३४ मध्ये, नव्या पायावर उभे केले होते. सुखात्मे यांनी ते पुढे नेले. वय २४. विभाग नसता तर असा निबंध छापलाच गेला नसता, असे म्हणता येणार नाही. पण तरुण, परका, नव्या विषयातला माणूस मोठ्या संस्थेच्या मुख्य दारातून क्वचितच आत येतो. त्याला लागते ती बाजूची खिडकी, आणि ती त्या दोन वर्षांपूर्वीच उघडली होती.

इकडे हिंदुस्थानात काय चालले होते? ब्रिटिश असोसिएशनच्या धर्तीवर ‘इंडियन सायन्स काँग्रेस’चे पहिले अधिवेशन जानेवारी १९१४ मध्ये कलकत्त्याला भरले होते. आशुतोष मुखर्जी अध्यक्ष, १०५ शास्त्रज्ञ, ३५ निबंध आणि सहा विभाग : वनस्पतिशास्त्र, रसायन, मानववंशशास्त्र, भूशास्त्र, भौतिकी आणि प्राणिशास्त्र. केतलेच्या वेळी नव्हती तशीच येथेही संख्याशास्त्राला खुर्ची नव्हती. ती मिळवण्याच्या खटपटीत होते प्रशांतचंद्र महालनोबिस. प्रेसिडेन्सी कॉलेजातील भौतिकीचे हे प्राध्यापक १९३१ मध्ये ‘इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट’ स्थापन करून बसले होते, १९३३ पासून ‘संख्या’ हे नियतकालिक चालवत होते. पण सायन्स काँग्रेसमध्ये विभाग मिळेना. १९३८ च्या जानेवारीत काँग्रेसचे रौप्यमहोत्सवी अधिवेशन कलकत्त्यात ब्रिटिश असोसिएशनबरोबर संयुक्तपणे भरले. तेव्हा महालनोबिसांनी आर. ए. फिशर यांना बोलावून, त्यांच्या अध्यक्षतेखाली पहिली भारतीय संख्याशास्त्र परिषद स्वतंत्रपणेच भरवली. बॅबेजची युक्ती बॅबेजच्याच परिषदेच्या पाहुण्यांसमोर! तरीही १९४२ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी गणित आणि संख्याशास्त्र असा जोडविभाग मिळाला, आणि १९४५ मध्ये संख्याशास्त्राला स्वतःचा विभाग मिळाला.

त्या काळी हे निव्वळ मानपानाचे प्रकरण नव्हते. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसे दुष्काळात मेली होती आणि देशात धान्य किती पिकते याचा भरवशाचा आकडा सरकारकडे नव्हता. पिकाचा अंदाज काढण्याची जुनी रीत म्हणजे आणेवारी. गावचा कुलकर्णी, पटवारी वा तलाठी शेताकडे नजर टाकून सांगे की, पीक बारा आणे आहे की आठ आणे. सोळा आणे पीक म्हणजे किती मण, याचे एक ‘सामान्य’ प्रमाण ठरलेले असे. त्याला क्षेत्राने आणि आण्यांनी गुणले की झाले उत्पन्न. सारा माफ व्हायचा की नाही हे याच आण्यांवर ठरे, म्हणून सांगणाऱ्याचा हात कधी आखडे, कधी सैल पडे. नजरेवर विसंबायचे नसेल तर यदृच्छेने शेते निवडायची, त्यांत तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापायचे, मळायचे आणि तोलायचे. हाच पीक कापणी प्रयोग. येथपर्यंत महालनोबिस आणि सुखात्मे यांचे एकमत होते.

मतभेद होता तो तुकडा केवढा असावा आणि तो कोणी कापावा यावर. कलकत्त्याच्या गटाने हलकी साधने बरोबर घेऊन फिरणारे स्वतःचे शिकवलेले लोक ठेवले आणि काही फूट त्रिज्येची लहान वर्तुळे कापली. कमी श्रमात पुष्कळ ठिकाणी जाता येते, हा त्याचा लाभ. १९४० पासून दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत असलेल्या सुखात्म्यांनी गावातील महसुली नोकरांकडूनच काम करून घेतले आणि ३३ फूट लांब, साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराचा ८० वा हिस्सा, असा मोठा तुकडा धरला. लहान तुकड्यातून उत्पन्न फुगून दिसते, असे त्यांनी १९४६-४७ मध्ये ‘नेचर’ आणि अमेरिकन संख्याशास्त्र संस्थेच्या नियतकालिकांत दाखवून दिले. कारण साधे आहे. रेषेवर उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर? कापणारा माणूस बहुधा ते आत ओढतो. समजा, असा एक इंच चुकला. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात तेवढ्याने क्षेत्र सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढते. सुखात्म्यांच्या तुकड्यात जेमतेम दीड टक्क्याने. कागद-पेन्सिल घेऊन कोणीही करून पाहावे. साडेआठ टक्के जादा धान्य कागदावर आहे आणि कोठारात नाही, ही स्थिती रेशनच्या दिवसांत काय करू शकते याची कल्पना करता येईल. महालनोबिसांचेही म्हणणे सोडून देण्यासारखे नव्हते : दहा कामांत गुंतलेला, वरिष्ठांना घाबरणारा पटवारी खरे आकडे देईल याची हमी काय? प्रिंगलच्या इंदापुरातही हाच प्रश्न होता.

वाद कडवट झाला आणि बराच काळ चालला. ३ जानेवारी १९४७ रोजी ‘इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्स’ स्थापन झाली. तिचे संस्थापक चिटणीस सुखात्मे, आणि अध्यक्ष हंगामी सरकारातील अन्न व शेतीमंत्री राजेंद्रप्रसाद. सायन्स काँग्रेसमध्ये संख्याशास्त्राला विभाग मिळून जेमतेम दोन वर्षे झाली होती, तोच त्या विषयातून शेतीच्या संख्याशास्त्राचे वेगळे बिऱ्हाड निघाले. याला निव्वळ योगायोग मानणे मला कठीण जाते. कलकत्त्याच्या छायेत दिल्लीच्या गटाला वाढायचे नव्हते, हे त्यामागचे एक कारण असावेच. पण दुसरे कारण अधिक भरीव होते : या लोकांचे सहकारी गणितज्ञ कमी आणि कृषी अधिकारी, पैदासकार, तलाठी अधिक होते, त्यांच्याशी बोलायची भाषाच निराळी होती. राजेंद्रप्रसाद पुढे राष्ट्रपती झाले, तरी या छोट्या संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

१९५१ मध्ये सुखात्मे रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले. दिल्लीतील त्यांची जागा घेतली ती इंदूरला कापसाच्या संशोधनात मुरलेल्या दुसऱ्या मराठी संख्याशास्त्रज्ञाने, व. गो. पानसे यांनी. दोघांनी मिळून लिहिलेले शेतीतील संख्याशास्त्राचे पाठ्यपुस्तक १९५४ मध्ये निघाले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या कृषी महाविद्यालयांत वाचले गेले. आजही महाराष्ट्रात हंगामाच्या अखेरीस तलाठी आणि कृषी सहायक एखाद्या शेतात टेप आणि दोरी घेऊन उतरतात, खुंट्या ठोकतात, पंचांसमक्ष तेवढाच तुकडा कापतात आणि खळ्यावर त्याची मळणी करून दाणे तोलतात. अशा वजनांवर पीकविम्याचा हिशेब होतो. दोरी बांधल्यावर कडेच्या रोपावरून अजूनही हुज्जत होते, आणि ती घालणारा बहुधा शेताचा मालक असतो. विम्याच्या दिवसांत त्याला ते रोप बाहेर हवे असते.